अमेरिकेत दफनासाठी पेटी घेताना खर्च कुठे वाचतो, कुठे नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई शिकागोजवळच्या तुमच्या घरीच हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सेवेच्या, देखरेखीखाली आहेत आणि आता फार दिवस नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलंय. दफनभूमीतली जागा वडिलांच्या वेळीच घेऊन ठेवलेली आहे. तुम्ही आणि भाऊ फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्या संस्थेत, चौकशीला गेलात, तेव्हा नुसत्या पेटीचेच ४,२०० डॉलर सांगितले, तेही 'मधल्या दर्जाची' म्हणून. बाहेरून पेटी आणलेली चालते का, त्यात फसगत होते का, आणि साधी पेटी घेतली तर आपल्या चर्चच्या मंडळीतले लोक काय म्हणतील, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी इथे बरीच वर्षं परवानाधारक फ्युनरल डायरेक्टर म्हणून काम करते. आपली अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबं आणि त्याहून जास्त हिंदू कुटुंबं माझ्यासमोर बसून गेली आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: हो, पेटी बाहेरून आणता येते आणि ती स्वीकारणं फ्युनरल होमला बंधनकारक आहे. पण निम्मा खर्च वाचेल असं गृहीत धरू नका. खरी बचत पेटीच्या भावावर ठरत नाही, शेवटच्या एकूण बिलावर ठरते. तुमचं सगळं लक्ष त्या एकूण आकड्यावर राहावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेचा 'फ्युनरल रूल' नावाचा नियम १९८४ पासून सगळ्या राज्यांत लागू आहे. तुम्ही फ्युनरल होममध्ये जाऊन व्यवस्थेची किंवा भावांची चौकशी केलीत, की सगळ्या सेवांची छापील प्राइस लिस्ट त्यांनी तुमच्या हातात द्यायची असते आणि ती तुम्ही घरी नेऊ शकता. फोनवर विचारलं तर भाव सांगावे लागतात, त्यासाठी तुमचं नाव किंवा पत्ता देण्याची गरज नाही. पेट्यांची वेगळी यादी असते आणि ती पेट्या दाखवण्याच्या आधी दाखवायची असते. हा 'आधी' शब्द फार मोलाचा आहे. तुम्हाला ती यादी दाखवली होती का? तुमच्या पत्रावरून वाटतंय की आधी शोरूममध्ये नेलं आणि भाव तोंडी सांगितला. परत जाल तेव्हा यादी मागा, खुर्चीवर बसून वाचा आणि तोवर शोरूमच्या दारातून आत जाऊ नका.

याचं कारण आमच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. सर्वसाधारण ग्राहक त्याला दाखवलेल्या पहिल्या तीन पेट्यांपैकी एक घेतो, आणि त्यातलीही बहुधा मधल्या भावाची. हे फेडरल ट्रेड कमिशनने स्वतःच्या ग्राहक-माहितीतच लिहून ठेवलंय. म्हणजे पहिल्या तीन पेट्या कुठल्या ठेवायच्या हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात 'मधली' किती डॉलरची हेही असतं. तुम्हाला दाखवलेली ४,२०० ची पेटी दोन महागड्या पेट्यांच्या मध्ये ठेवलेली असणार. यादीत खाली बाराशे-पंधराशेची पेटीही असण्याची दाट शक्यता आहे. ती शोरूममध्ये मांडलेलीच नसेल, किंवा कोपऱ्यात एखाद्या उदास राखाडी रंगात असेल. तीच पेटी दुसऱ्या रंगात मिळते का, हे विचारा. बहुतेकदा मिळते, फक्त मागवावी लागते.

आता पेटी म्हणजे नक्की काय आणि पैसे कशाचे घेतात ते पाहू. इथे विकल्या जाणाऱ्या पेट्यांत पोलादाच्या खूप. त्यांचा पत्रा 'गेज'मध्ये मोजतात आणि हा आकडा उलटा चालतो: गेज जितका मोठा, तितका पत्रा पातळ. २० गेजचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर, १८ गेजचा १.२ आणि १६ गेजचा १.५ मिलिमीटर जाड. दोन पेट्या शेजारी ठेवल्या आणि तुम्ही बोटाने टकटक केलं तर २० गेजचा आवाज थोडा पोकळ येतो, एवढाच काय तो फरक कळतो. रंग दिल्यावर डोळ्यांना काही कळत नाही. पेटी खांद्यावर किंवा हँडलला धरून नेणाऱ्यांना २० गेजची हलकीच बरी पडते. जमिनीखाली काँक्रीटच्या आवरणात गेल्यावर या अर्ध्या मिलिमीटरला काही काम उरत नाही. तरी २० वरून १८ वर गेलं की भाव काहीशे डॉलरने चढतो, १६ वर आणखी. तांबं आणि ब्राँझ हे वेगळंच प्रकरण, त्यांच्या किमती दहा हजारांपर्यंत जातात. त्यांच्याबद्दल मी कुठल्याही कुटुंबाला आपणहून बोलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 'सीलर' किंवा 'प्रोटेक्टिव्ह' पेटी. झाकणाच्या कडेने एक रबरी पट्टी बसवलेली असते आणि पायाच्या टोकाला चावी फिरवून झाकण घट्ट आवळतात. पट्टी म्हणजे तुमच्या फ्रीजच्या दाराला असते तशीच, तिची स्वतःची किंमत अगदी किरकोळ. पण ती असली की पेटीची जात बदलते आणि भावही बदलतो. या पट्टीमुळे देह टिकून राहील असं सांगायला नियमाने साफ मनाई आहे, कारण ते खरं नाही. हवा कोंडली म्हणून विघटन थांबत नाही, फक्त त्याची रीत बदलते. मुलांना मात्र 'आईला पाणी लागणार नाही' हे वाक्य काळजाला भिडतं आणि ती पैसे देऊन मोकळी होतात. तुम्हाला कोणी हे वाक्य ऐकवलं तर एवढंच म्हणा: सीलर नसलेल्या पेट्या कुठल्या आहेत तेवढ्या दाखवा.

लाकडी पेट्यांत पाइन आणि पॉपलर स्वस्त. ओक मधला. चेरी, अक्रोड, महोगनी महाग. व्हिनिअर म्हणजे आत दाबलेलं लाकूड आणि वरून चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, तो दिसायला उत्तम असतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे फायबरबोर्डवर कापड चढवलेली पेटी. ही शोरूममध्ये क्वचितच मांडतात. आतल्या अस्तरातही पैसे दडलेले असतात. क्रेपचं अस्तर स्वस्त, मखमली महाग. झाकणाच्या आतल्या बाजूची भरतकामाची पट्टी, कोपऱ्यांवरचे धातूचे दागिने आणि हँडलांचा प्रकार, यांतून एकाच सांगाड्याच्या तीन-चार किमती तयार होतात. यादी वाचताना सांगाडा कोणता आणि सजावट कोणती, एवढं वेगळं करून पाहिलंत तरी निम्मा गोंधळ संपतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बाहेरून घेण्याचा. कॉस्टको आणि वॉलमार्टच्या ऑनलाइन दुकानांत पेट्या विकल्या जातात, शिवाय नुसत्या पेट्या विकणाऱ्या कंपन्या आहेत. साधी पोलादी पेटी ऑनलाइन हजार ते पंधराशे डॉलरच्या आसपास मिळून जाते. दिसायला तशीच पेटी फ्युनरल होमच्या यादीत दुप्पट किंवा त्याहून जास्त असलेली मी पाहिली आहे. तुमच्या जवळ असलेला एक चांगला पर्याय म्हणजे आयोवातल्या न्यू मेलरे मठातले ट्रॅपिस्ट, म्हणजे एका कॅथलिक पंथाचे, साधू. ते स्वतःच्या जंगलातल्या लाकडाच्या पेट्या बनवतात. पोलादापेक्षा लाकूड आईंना आवडणार असेल तर त्यांच्याकडे जरूर चौकशी करा.

साधूंचा विषय निघालाच आहे तर सांगते, कारण बाहेरून पेटी घेण्याबद्दल लोकांच्या मनात जी भीती असते तिचा याच्याशी संबंध आहे. लुइझियानात सेंट जोसेफ मठातले साधू साध्या लाकडी पेट्या विकायला लागले, तेव्हा अंत्यविधी व्यवसायावर देखरेख करणाऱ्या राज्याच्या बोर्डाने त्यांना थांबवलं. फ्युनरल डायरेक्टरचा परवाना असेल तरच पेटी विकता येईल असा तिथला कायदा होता. साधू कोर्टात गेले आणि २०१३ मध्ये फेडरल अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका धंद्याचं उत्पन्न सांभाळणं हे कायद्याचं पुरेसं कारण होऊ शकत नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. माझ्याच व्यवसायाविरुद्धचा हा निकाल मला मनापासून पटतो. पेटी विकायला दफनाचं शिक्षण लागत नाही.

पेटी बाहेरून आणली म्हणून फ्युनरल होम तुमचं काम नाकारू शकत नाही. ती उतरवून घेण्याचे, हाताळण्याचे वेगळे पैसेही लावू शकत नाही, हे कलम १९९४ च्या दुरुस्तीत आलं. पेटी पोचेल तेव्हा घरातल्या कुणीतरी हजर राहायलाच हवं अशी अटही त्यांना घालता येत नाही.

मग फसगत कुठे होते? पॅकेजमध्ये. बहुतेक फ्युनरल होम सुट्या सेवांचे भाव चढे ठेवतात आणि पेटीसकट पॅकेज घेतलं तर मोठी सूट देतात. अशी सूट कायदेशीर आहे. समजा सुट्या सेवांचे ५,५०० आणि त्यांच्या पेटीचे ३,५०० मिळून ९,००० होतात, पण पॅकेज म्हणून ७,६०० ला देतात. तुम्ही १,३०० ची पेटी बाहेरून आणलीत की सेवा सुट्या भावाने मोजल्या जाणार, म्हणजे ६,८००. पेटीच्या दोन भावांकडे पाहून तुम्हाला वाटेल २,२०० वाचले, प्रत्यक्षात वाचले ८००. आठशे डॉलर कमी नाहीत, पण या फरकासाठी दुसऱ्या कंपनीचा व्यवहार अंगावर घ्यायचा का, हे तुम्हाला डोळे उघडे ठेवून ठरवता आलं पाहिजे. कधीकधी तर पॅकेजच स्वस्त पडतं. म्हणून प्रत्येक फ्युनरल होमकडून दोन एकूण आकडे लेखी घ्या: त्यांच्या सगळ्यात स्वस्त योग्य पेटीसह एक, आणि पेटीशिवाय एक. दुसऱ्या आकड्यात बाहेरच्या पेटीचा घरपोच भाव मिळवा आणि मगच तुलना करा.

हे दोन आकडे हातात आले की घासाघीस करायला संकोच करू नका. ऑनलाइन पेटीचा भाव छापून न्या आणि सरळ विचारा, 'या किमतीच्या जवळ तुम्ही काय देऊ शकता?' आम्हाला पेटीवर जागा असते, सेवांवर तेवढी नसते, कारण तिथे माणसांचे पगार आणि गाड्या आहेत. बाहेरची पेटी येणार हे दिसलं की बरेच जण स्वतःच्या पेटीचा भाव खाली आणतात. आपल्या लोकांना भाजी घेताना भाव करायला काही वाटत नाही, इथे मात्र जीभ जड होते. आईच्या पेटीचा सौदा करतोय असं वाटतं. तसं वाटू देऊ नका. तुम्ही व्यापाऱ्याशी बोलताय आणि आईंच्याच पैशांबद्दल बोलताय.

तुलनेसाठी एक अंदाज देते. इथल्या फ्युनरल डायरेक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत दर्शन आणि दफन असलेल्या अंत्यविधीचा मध्यक खर्च ८,३०० डॉलर होता, आणि दर्शनासह दहनाचा ६,२८०. पहिल्या आकड्यात साधारण अडीच हजारांची धातूची पेटी धरलेली आहे. दफनभूमीचे पैसे यात नाहीत. म्हणजे तुम्हाला सांगितलेला पेटीचा भाव इथल्या सर्वसाधारण भावापेक्षाही बराच वर आहे.

बाहेरून घ्यायचं ठरलं तर काही गोष्टी सांभाळा. फ्युनरल रूल फक्त फ्युनरल होमना लागू होतो, नुसती पेटी विकणाऱ्या दुकानाला नाही. त्यामुळे सगळं लेखी तुम्हीच घ्यायचं: मालवाहतुकीसकट भाव, पोचण्याची तारीख, शनिवार-रविवारी डिलिव्हरी आहे का, पोचा किंवा ओरखडा आला तर त्याच दिवशी दुसरी पेटी कोण आणि कुठून देणार. पैसे क्रेडिट कार्डाने भरा. पेटी आल्याबरोबर फ्युनरल होमने ती उघडून तपासावी आणि तुम्हाला फोटो पाठवावेत, हे आधीच बोलून ठेवा, नाहीतर दर्शनाच्या दिवशी सकाळी दोष निघतो आणि मग दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात. मापही विचारा. आई सडपातळ असतील तर प्रश्न नाही, पण मोठ्या मापाची पेटी घेतली तर तिचं काँक्रीटचं आवरणही मोठं लागतं आणि काही ठिकाणी कबरसुद्धा.

पेटी आत्ताच मागवून ठेवू नका. ठेवायची कुठे हा प्रश्न उभा राहतो, आणि आई घरात असताना पेटीच्या डिलिव्हरीचा फोन तुमच्या घरी यायला नको. मॉडेल ठरवा, नंबर आणि भाव कागदावर लिहून ठेवा. साठा जवळ असेल तर पेटी दोन-तीन दिवसांत पोचते. भारतातून कुणी येणार असेल तर तेवढे दिवस तसेही जातातच.

पेटीबरोबर काँक्रीटचं आवरण येतं, त्याकडे पाहायला लोक विसरतात आणि पेटीवर वाचवलेले पैसे तिथे घालवतात. कबरीत पेटीभोवती बसवायचं हे आवरण सहसा राज्याचा कायदा मागत नाही, दफनभूमी मागते, कारण वरची माती खचू नये. साधं 'लायनर' आणि सील केलेला 'व्हॉल्ट' असे दोन प्रकार असतात. दफनभूमीच्या ऑफिसात फोन करून विचारा की तुमच्या नियमात कमीत कमी काय चालतं. उत्तर 'लायनर' असेल तर लायनर घ्या. व्हॉल्ट विकतानाही 'पाणी शिरणार नाही' हेच वाक्य पुन्हा ऐकू येईल. वडिलांच्या वेळची कागदपत्रं काढून पाहा. तेव्हा दोन्ही जागांच्या आवरणाचे आणि कबर खणण्याचे पैसे भरलेले असू शकतात. अशी पावती ट्रंकेच्या तळाशी सापडलेली मी पाहिली आहे, आणि फ्युनरल होमने तेच पैसे पुन्हा बिलात धरले होते.

तिसरा प्रश्न, लोक काय म्हणतील.

तुमच्या चर्चमध्ये उपासनेच्या वेळी पेटी बंद ठेवून तिच्यावर पांढरं वस्त्र पांघरतात का, हे पाळकसाहेबांना विचारा. बऱ्याच मंडळ्यांत तशी रीत आहे. वस्त्राखाली महोगनी आणि कापडी पेटी यांत काही फरक दिसत नाही, आणि ही रीत मुळात राखली जाते तीच या भावनेने की परमेश्वरासमोर सगळे सारखे. दर्शन उघड्या पेटीत ठेवायचं असेल तरी लोक आईंचा चेहरा पाहतात, त्यांची साडी पाहतात, हातातलं बायबल पाहतात. झाकणावर फुलांचा मोठा हार किंवा चादर असेल तर पेटीचा बराचसा भाग झाकला जातो. मी इतक्या कुटुंबांसोबत उभी राहिले आहे, परत जाणारी माणसं पेटीबद्दल बोलताना मला ऐकू आलेली नाहीत. गाणी कोणती म्हटली, साक्ष कोणी दिली आणि जेवण वेळेवर झालं का, याबद्दल बोलतात. वाचलेल्या पैशांतून गावाकडच्या मावशीचं तिकीट काढता आलं, तर आईंना त्याचं समाधान जास्त वाटेल.

तुम्ही लिहिलंय की आई स्वतःच 'साधीच घ्या' म्हणतात, पण भावाला ते पटत नाही. भाऊ दूर राहतो आणि या दोन वर्षांत सगळं तुम्ही केलंत, हेही तुमच्या पत्रात आहे. हे चित्र माझ्या ओळखीचं आहे. ज्याला जवळ राहता आलं नाही त्याला शेवटी काहीतरी मोठं करावंसं वाटतं, आणि शोरूममध्ये मोठं म्हणजे महाग. त्याच्याशी भांडू नका. आईंना अजून बोलता येतंय तर त्यांनाच भावासमोर विचारा: लाकडाची हवी की लोखंडाची, साडी कुठली, गीतं कोणती. आईंच्या तोंडून ऐकलं की त्याचा हट्ट बहुधा उरणार नाही. त्याला काहीतरी करायचंच असेल तर कबरीवरचा दगड त्याच्याकडे सोपवा. तो पुढची अनेक वर्षं डोळ्यांसमोर राहतो आणि त्याला घाईही नसते.

हे उत्तर वाचणाऱ्यांत दहन करणारी कुटुंबंही असतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. दर्शनाशिवाय थेट दहन करायचं असेल तर पेटी लागतच नाही, आणि ती लागते असं सांगणं नियमाविरुद्ध आहे. पुठ्ठ्याचा किंवा साध्या लाकडाचा पर्यायी डबा उपलब्ध करून देणं फ्युनरल होमवर बंधनकारक आहे आणि त्याचा भाव बहुतेक ठिकाणी शे-दोनशे डॉलरच्या घरात असतो. घरच्यांना अंत्यदर्शन आणि विधी करायचे असतील तर भाड्याची पेटी मागा. बाहेरून ती पूर्ण लाकडी पेटी दिसते, पण पायाकडची बाजू उघडते आणि आतला नवा डबा अस्तरासकट सरकवून बाहेर काढता येतो. दहनाला तो डबा जातो, बाहेरचा सांगाडा फ्युनरल होमकडे राहतो. भाडं साधारण हजाराच्या आत-बाहेर असतं. काही जण ती 'वापरलेली' म्हणून नाकारतात, पण देहाला लागणारं सगळं नवंच असतं हे त्यांना दाखवलं की शंका फिटते. पोलादी पेटी दहनाला सहसा चालतच नाही. पार्थिव भारतात न्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एम्बामिंगचं (देह काही काळ टिकावा म्हणून त्यात रसायनं भरण्याचं) प्रमाणपत्र आणि सीलबंद पेटी लागते, आणि पेटी घेण्याआधी वकिलात आणि विमान कंपनी दोघांच्याही अटी विचारून घ्याव्या लागतात.

एम्बामिंगवरूनच आठवलं. पेटी बंद ठेवणार असाल आणि दफन लवकर होणार असेल तर बहुतेक वेळा त्याची गरज नसते, शीतगृह पुरतं. कायद्याने ते सरसकट सक्तीचं नाही आणि तुमच्या परवानगीशिवाय त्याचे पैसे सहसा लावता येत नाहीत. उघड्या पेटीतलं सार्वजनिक दर्शन हवं असेल तर मात्र फ्युनरल होम आपला नियम म्हणून ते मागू शकतं. फक्त घरच्या माणसांनी अर्धा तास पाहायचं असेल तर एम्बामिंगशिवाय परवानगी देणारी ठिकाणं आहेत, विचारून पाहा.

प्रीपेड योजनेचा आग्रहही तुम्हाला होईल, 'आजचा भाव बांधून घ्या' म्हणून. आई इतक्या आजारी असताना त्यात तुमचा फायदा काही नाही. ठरवून ठेवणं आणि पैसे भरून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेडिकेडसाठी (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य-मदत) पैसे बाजूला काढण्याचा प्रश्न असेल तरच त्याचा विचार करा, आणि तोही वकिलाला विचारून. एरवी आईंच्या बँक खात्यावर तुमचं नाव मृत्यूनंतर रक्कम मिळणारी म्हणून लावून घेतलंत तर खर्चाला पैसे लगेच हाताशी येतात. सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेकडून मिळणारी एकरकमी मदत फक्त २५५ डॉलर आहे आणि ती हयात जोडीदाराला किंवा ठरावीक पात्र मुलांना मिळते, तेव्हा तिच्यावर हिशेब बांधू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं. या आठवड्यात तीन-चार फ्युनरल होमना फोन करा. इंग्रजीत बोलायचं दडपण असेल तर पुतण्याला बसवा. वाक्य एवढंच: 'बेसिक सर्व्हिस फी किती, एक दिवस दर्शन आणि चर्चमधली उपासना धरून सेवांचे एकूण किती, आणि तुमच्या यादीतली सगळ्यात स्वस्त पेटी कुठली?' बेसिक सर्व्हिस फी ही एकच रक्कम अशी आहे की जी तुम्हाला नाकारता येत नाही, बाकी सगळं निवडता येतं. एकाच भागात या फीमध्येच इतका फरक निघतो की पेटीवरची सगळी घासाघीस त्यापुढे फिकी पडावी. जो फोनवर भाव न सांगता 'आधी येऊन भेटा' म्हणेल त्याचं नाव यादीतून काढा. फेडरल ट्रेड कमिशनने ओळख न देता अडीचशेहून अधिक फ्युनरल होमना असेच फोन केले आणि जानेवारी २०२४ मध्ये ३९ जणांना इशारापत्रं पाठवली. त्यातल्या बहुतेकांनी भाव सांगायला टाळाटाळ केली होती किंवा एकाच गोष्टीचे वेगवेगळे भाव सांगितले होते.

एक फ्युनरल होम नक्की करून त्याचं नाव आणि नंबर हॉस्पिसच्या नर्सकडे आत्ताच देऊन ठेवा. आई गेल्यावर नर्स पहिला प्रश्न हाच विचारते की कुणाला बोलावू. त्या क्षणी ज्याला फोन जाईल तो देह घेऊन जातो. तिथून दुसरीकडे हलवायचं म्हटलं तर नेण्याचा खर्च दोनदा पडतो आणि बहुतेक कुटुंबं मग तिथेच राहतात, भाव कितीही असो. सही करण्याआधी प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेलं अंतिम विवरण मागा आणि पेटीच्या ओळीत मॉडेलचं नाव आहे का ते पाहा. बाहेरच्या पेटीला नकार मिळाला किंवा कुठल्याही नावाखाली हाताळणीचे पैसे लावले, तर तो चार्ज लेखी मागा. बहुतेकदा लेखी मागितल्यावरच तो गळून पडतो. नाही गळला तर राज्याच्या परवाना विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करता येते. एकेका उल्लंघनाचा दंड ५०,००० डॉलरच्या वर जाऊ शकतो, आणि हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं.